बंद गिरणीची जमीन कोणाच्या कामी येणार?

इंदूरच्या हुकुमचंद मिलचा भोंगा १२ डिसेंबर १९९१ रोजी कायमचा थांबला. त्या दिवशी गिरणीच्या पटावर ५,८९५ कामगार होते. त्यांच्या हक्काची देणी त्यांच्या पदरात पडावयास बत्तीस वर्षे लागली. २००७ साली उच्च न्यायालयाने कामगारांची २२९ कोटी रुपयांची देणी मान्य केली. त्यांतील काही भाग मधल्या काळात मिळाला आणि उरलेल्या हिशेबापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी समारंभपूर्वक देण्यात आला. तोवर कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. ज्या हातांनी ताणे लावले, ते हात पैसे मोजण्यास उरले नव्हते. रांगेत त्यांच्या विधवा उभ्या होत्या, मुले उभी होती. भाषणांतून या घटनेचा गौरव ‘कामगारांच्या हिताचा विजय’ असा करण्यात आला. विजय खराच, परंतु तो समारंभ घडवून आणणाऱ्यांचा नव्हे. न्यायालयाच्या पायऱ्या बत्तीस वर्षे झिजवूनही ज्यांनी आपला दावा सोडला नाही, त्या कामगारांचा तो विजय आहे.

ही रक्कम राज्य सरकारच्या गृहनिर्माण मंडळाने दिली आणि तिच्या बदल्यात शहराच्या ऐन मध्यभागी असलेली गिरणीची १७.५२ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वात्रेचाळीस एकर, जमीन विकासासाठी मंडळाकडे गेली. तेथे निवासी व व्यापारी संकुल उभारण्याचे योजिले आहे. देण्यांचा प्रश्न मिटल्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला आहे आणि तो पहिल्याहून लहान नाही. या जमिनीवर काय उभे राहणार, कोणासाठी राहणार आणि ते ठरविणार कोण? इंदूरच्या एका आवारापुरता हा प्रश्न नाही. मुंबई, अहमदाबाद, कानपूर, दिल्ली या प्रत्येक जुन्या औद्योगिक शहराच्या पोटात बंद कारखान्यांच्या जमिनी आहेत किंवा होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर जनतेला न विचारताच देऊन टाकण्यात आले. इंदूरमध्ये ते अद्याप पूर्णपणे दिले गेलेले नाही. म्हणूनच त्याची चर्चा आज होणे अगत्याचे आहे.

प्रथम एका शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. सरकारी कागदपत्रांत अशा जमिनीस ‘रिकामी जागा’ म्हणतात. ती खरोखर रिकामी असते काय? हुकुमचंद मिलच्या आवारात गेल्या तीन दशकांत झाडे आपोआप वाढली. धुराड्यांच्या सावलीत दाट राई उभी राहिली आणि ती तोडण्याच्या कल्पनेविरुद्ध शहरातील नागरिकांनी आवाज उठविला आहे. भोवतीच्या वस्त्यांतून अजून जुन्या कामगारांची कुटुंबे नांदत आहेत. इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, स्वदेशी, राजकुमार या गिरण्यांची नावे घेऊन निघणारी ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. गिरण्या बंद पडल्या, पगार बंद झाले, परंतु कामगारांच्या समित्यांनी वर्गणी काढून, मदत मागून चित्ररथ सजविणे थांबविले नाही. ज्या कारखान्याचे यंत्र भंगारात गेले, त्याचे नाव कामगारांनी दिव्यांच्या रोषणाईत दरवर्षी शहरातून मिरविले. अशा जागेला रिकामी म्हणणारा मनुष्य तिच्याकडे केवळ चौरस फुटांच्या हिशेबाने पाहतो, हे उघड आहे.

आणि त्या चौरस फुटांची किंमत तरी कोणी वाढविली? गिरणी उभी राहिली तेव्हा ती जमीन गावाच्या कडेला होती. पुढे रस्ते झाले, नळ आले, बाजार बसला, शाळा निघाल्या, चहूबाजूंनी वस्ती वाढली आणि कडेची जमीन मध्यावर आली. ही किंमत मालकाने निर्माण केलेली नाही, कर्ज देणाऱ्या बँकेनेही केलेली नाही. ती सबंध शहराच्या श्रमाने आणि सार्वजनिक खर्चाने निर्माण झाली आहे. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाच्या उपयोगी पडावे, या म्हणण्यात काहीही अतिरेकी नाही. तो साध्या न्यायाचा भाग आहे.

हा न्याय कसा हुकतो, याचा धडा मुंबईने देशाला दिला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरच्या शतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या भागांत जे गिरणगाव वाढले, त्याने मुंबईला मुंबई केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो उपासमारीने, दडपशाहीने आणि मालकांच्या हिशेबी थंडपणाने विझविला गेला. मालकांना थांबणे परवडणारे होते, कारण कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची झाली होती. सुमारे ६०० एकर जमीन, तीही बेटाच्या मध्यावर, दोन्ही रेल्वे मार्गांच्या कुशीत! यंत्र चालविण्यापेक्षा ते बंद ठेवण्यात अधिक नफा आहे हे जेथे दिसले, तेथे यंत्र बंद राहिले.

१९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसंबंधी ५८ वा नियम आला. त्याचा मथितार्थ सोपा होता. गिरणीची जमीन विकावयाची वा तिच्यावर नवे बांधकाम करावयाचे झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला उद्याने व मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. पूर्ण न्याय नव्हे, परंतु शहराला श्वास घेण्यास जागा मिळाली असती आणि हजारो घरे उभी राहिली असती. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील गिरण्यांचा अभ्यास करून त्या गटाने एक महत्त्वाचे सूत्र मांडले: एकमेकींना लागून असलेल्या जमिनींचा विचार तुकड्या-तुकड्यांनी न करता एकत्र करावा, म्हणजे सलग उद्याने, रस्ते, घरे आणि सार्वजनिक सोयी यांची नीट रचना करता येईल. अहवाल लिहिला गेला, वाखाणला गेला आणि फडताळात गेला.

पुढे जे झाले ते एका शब्दाच्या आधाराने झाले. २००१ साली या नियमात दुरुस्ती करण्यात आली. वाटणी तशीच राहिली. केवळ ती कशाची करावयाची हे बदलले. संपूर्ण जमिनीच्या ऐवजी गिरणीच्या आवारातील ‘खुल्या’ जमिनीचीच वाटणी व्हावी, असे ठरले. गिरणीचे आवार कसे असते हे ज्याने पाहिले आहे त्याला या शब्दाची करामत समजावून सांगण्याची गरज नाही. सूतखाते, विणकाम खाते, गोदामे, रंगखाते यांच्या छपरांनी जवळजवळ सारी जमीन झाकलेली. मोकळी उरते ती वाहने वळविण्यापुरती. छपरे पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल तिचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले की तिचाही वाटणीत समावेश झाला पाहिजे. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि दुरुस्ती सरकारच्या अर्थानुसार कायम झाली. अशा रीतीने गोळीबार नाही, जप्ती नाही, विधिमंडळात गदारोळही नाही. एका विशेषणाच्या व्याख्येने शहराची शेकडो एकर जमीन शहराच्या हातातून निसटली.

सार्वजनिक मालकीने तरी अधिक विवेक दाखविला काय? २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढून सुमारे २,०२० कोटी रुपये उभे केले. त्यांतील एका गिरणीची साडेसतरा एकर जमीन ७०२ कोटींना गेली. तिजोरीत पैसा आला हे खरे. तो कामगारांची देणी व उरलेल्या गिरण्यांचे नूतनीकरण यांसाठी आहे, असे सांगण्यात आले. परंतु ७०२ कोटी देऊन जमीन घेणारा तिच्यावर प्रसूतिगृह वा भाजी मंडई बांधणार नाही, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला जमीन देणे म्हणजे तिचा उपयोग आधीच ठरवून टाकणे होय. मागाहून ‘लोकाभिमुख नियोजन’ या शब्दांचा कितीही जप केला तरी त्याने काहीही साध्य होत नाही.

या नियोजनशून्यतेचे परिणाम कोणाला भोगावे लागले? गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे, कचेऱ्या, खानपानगृहे, झगमगीत दुकाने आली. पूर्वी चाळीतून गिरणीत चालत जाणारा कामगार होता. आता विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येणारे हजारो कारकून, पहारेकरी, सफाई कामगार, दुकानांतल्या मुली त्याच गल्लीतून जाऊ-येऊ लागल्या. रेल्वेचा पूल मात्र जुनाच, अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, पावसाच्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. नवा पूल बांधण्यासाठी लष्कराला बोलवावे लागले आणि त्याने तो काही महिन्यांत बांधून दिला. जे काम इतक्या झटपट होऊ शकत होते, ते वर्षानुवर्षे का झाले नाही, याचे उत्तर कोणी दिले नाही. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. एकाच परिसरातील या दोन दुर्घटनांना दैवयोग म्हणणे हा मृतांचा अपमान आहे. प्रत्येक भूखंडावर जास्तीत जास्त बांधकाम आणि भूखंडांच्या मधल्या सार्वजनिक जागेकडे संपूर्ण दुर्लक्ष, या धोरणाचेच ते फलित होते.

आणि कामगार? गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची मोठी सोडत २०१२ साली निघाली. तीत ६,९२५ घरे होती, प्रत्येकी सव्वादोनशे चौरस फुटांची. त्यानंतरच्या सोडती धरूनही दिली गेलेली घरे पंधरा-सोळा हजारांच्या घरात आहेत. अर्ज मात्र दीड लाखाहून अधिक होते. जे उरले त्यांना मुंबईपासून दूर शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखविण्यात येत आहे आणि कामगार संघटना त्यास विरोध करीत आहेत. ज्यांच्या घामावर परळ उभे राहिले त्यांना परळमध्ये जागा नाही, असा या हिशेबाचा शेवटचा आकडा आहे.

हे अटळ होते, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दिल्लीचे उदाहरण पुरेसे ठरावे. १९९६ साली दिल्लीतील प्रदूषणकारी व धोकादायक उद्योग शहराबाहेर हलविण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोकळ्या होणाऱ्या जमिनींसाठी स्पष्ट दंडक घालून दिला. अगदी लहान भूखंड वगळता पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीपैकी ५७ टक्के, पाच ते दहा हेक्टरपर्यंत ६५ टक्के आणि त्याहून मोठ्या जमिनीपैकी ६८ टक्के भाग हरितपट्टे व सार्वजनिक गरजांसाठी सोडावा, असा तो आदेश होता. त्या प्रकरणात कामगारांची जी परवड झाली तिचे समर्थन कोणी करणार नाही. पर्यावरणाच्या नावाखाली हजारोंचा रोजगार गेला. परंतु जमिनीचा मोठा वाटा समाजाकडे परत यावा हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. हाच दंडक इंदूरला लावला तर १७.५२ हेक्टरांपैकी सुमारे १२ हेक्टर जमीन सार्वजनिक उपयोगासाठी राहते. तेथील राई त्यात सुखाने मावते आणि तरीही पुष्कळ जागा शिल्लक राहते.

अलीकडे ‘मिश्र वापर’ हा शब्द प्रचारात आला आहे. एकाच आवारात घरे, दुकाने, कचेऱ्या, करमणूक असावी, अशी ही कल्पना जणू एखाद्या परदेशी सल्लागाराने शोधून काढली अशा थाटात तिची जाहिरात होते. वस्तुतः गिरणगावाएवढा मिश्र वापर दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळाला असेल. चाळीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, केशकर्तनालय, वाण्याचे दुकान, वर खोल्या, मधल्या पटांगणात व्यायामशाळा, गणपतीचा मांडव, निवडणुकीची सभा आणि शाहिराचा फड. कोकणातून आणि देशावरून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका ही त्या वस्तीची अदृश्य यंत्रणा होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने त्या अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झाल्या आणि सावकाराच्या पाशातून सुटून बँकेच्या दारात सन्मानाने उभ्या राहिल्या. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांचा आवाज याच पटांगणांतून घुमला. या साऱ्याला दारिद्र्याचे गोंडस चित्र करण्याचे कारण नाही. खोलीत दहा-दहा माणसे राहत, नळावर भांडणे होत, क्षयरोग घरोघर होता. परंतु काम, घर, बाजार आणि सहजीवन एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले म्हणजे कष्टकऱ्यांची वस्ती आपली संस्कृती आपण घडविते, हे गिरणगावाने सिद्ध केले. म्हणून ‘मिश्र वापर’ होणार की नाही हा वादाचा विषय नाहीच. कोणाचा वापर, हा खरा वाद आहे. वर महागडे गाळे, खाली त्याहून महागडी दुकाने आणि दारात रखवालदार, हाही मिश्र वापरच. त्यात मिसळत नाही तो केवळ सामान्य माणूस.

ही केवळ स्वप्ने आहेत काय? पहिल्या महायुद्धानंतर दिवाळखोरीच्या काठावर असलेल्या व्हिएन्ना शहराच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणीसाठी खास कर बसविला. तो चढत्या श्रेणीचा होता. वाड्यांवर व ऐषआरामावर भरपूर, कामगारांच्या खोल्यांवर नाममात्र. त्या उत्पन्नातून पुढील दहा-अकरा वर्षांत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. त्यांपैकी १९३० साली उघडलेल्या कार्ल मार्क्स होफ या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या वास्तूत १,३८२ घरे होती आणि त्यांच्या जोडीला सामुदायिक धुलाईघरे, स्नानगृहे, बालमंदिरे, दवाखाना, वाचनालय, औषधालय, टपाल कचेरी व दुकाने होती. जमिनीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भागावर बांधकाम केले. बाकी सारी अंगणे आणि बागा. १९३४ साली प्रतिगामी सत्तेने या वास्तूवर तोफा डागल्या. तरीही ती उभी राहिली आणि आजही तेथे लोक राहतात. पैसा नसलेल्या शहराने हे केले. कारण पैसा कोणाकडून घ्यावयाचा आणि कोणासाठी वेचावयाचा याविषयी त्याच्या मनात संभ्रम नव्हता.

इंदूरच्या बाबतीत आक्षेप घेतला जाईल तो हाच: मंडळाने कामगारांची देणी व इतर कर्जे चुकविली, तो पैसा वसूल कसा व्हावयाचा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक संस्थेचा पैसा हाही जनतेचाच पैसा आहे. परंतु खर्च भरून काढणे आणि जास्तीत जास्त नफा उकळणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यासाठी जमिनीचा काही हिस्सा व्यापारी उपयोगास देणे पुरेसे होते. दुसऱ्यासाठी शेवटचे झाडही अडचणीचे वाटू लागते. शिवाय वसुलीची घाईच मुळी अनाठायी आहे. जमीन एकदा विकली की एकदाच पैसा येतो आणि त्याबरोबर जमिनीवरील अधिकारही जातो. ती भाडेपट्ट्याने दिली तर उत्पन्न दरवर्षी येते, त्यातून सार्वजनिक सोयींची देखभाल होते आणि पन्नास वर्षांनी शहराची गरज बदलली तर निर्णय शहराच्याच हाती राहतो. रस्ता बांधताना तो किती वर्षांत नफा देईल असे कोणी विचारीत नाही. मग दवाखान्याला आणि बागेलाच हा प्रश्न का विचारावा?

मुंबईत खाजगी मालकीची सबब पुढे करता येत होती. इंदूरमध्ये तीही उरलेली नाही. विकासाचा अधिकार सरकारी मंडळाच्या हाती आहे, शहरात महापालिका आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन, उद्याने, नागरी वनीकरण आणि सांस्कृतिक सोयी हे विषय नगरपालिकांच्या कक्षेत येणारे म्हणून नमूद केले आणि तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. कायद्याची चौकट उपलब्ध आहे. अभाव आहे तो इच्छेचा.

मग या जमिनीवर काय व्हावे? प्रथम, आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो भोवतीच्या वस्त्यांसमोर, जुन्या कामगारांसमोर, हिंदीतून आणि समजेल अशा भाषेत मांडला जावा. नकाशा कचेरीच्या फळ्यावर टाचून तीस दिवसांत हरकती मागविणे म्हणजे लोकांचे मत घेणे नव्हे. दुसरे, जमिनीचा मोठा वाटा खुला राहावा व उभी झाडे त्याचा कणा मानली जावीत. रोपे लावण्याचे आश्वासन हा तीस वर्षांच्या राईचा पर्याय होऊ शकत नाही. तिसरे, घरे बांधावयाची तर त्यांतील निश्चित हिस्सा कामगारांच्या कुटुंबांना व अल्प उत्पन्नाच्या लोकांना परवडेल अशा भाड्याने वा किमतीने मिळावा आणि तो याच आवारात मिळावा, शहराच्या वेशीबाहेर नव्हे. चौथे, दुकानांच्या जोडीला फेरीवाले व भाजीवाल्यांसाठी पक्की मंडई असावी; पाळणाघर, दवाखाना, वाचनालय, तालीमखाना आणि माफक भाड्यात मिळणारे सभागृह असावे; गिरणीचे एखादे जुने खाते पाडून न टाकता तेथे कामगारांच्या इतिहासाचे दालन आणि चित्ररथ बांधण्याची कायम जागा व्हावी. पाचवे, या साऱ्याचा कारभार ठेकेदाराकडे न सोपविता ज्यांत रहिवासी, स्त्रिया, विक्रेते आणि कामगार यांचे निवडलेले प्रतिनिधी असतील अशा समितीकडे द्यावा. कुलूप लावलेले समाजमंदिर आपल्या देशात प्रत्येक शहरात एखादे तरी आढळते. ते कोणी चालवावयाचे हे न ठरविता बांधले, म्हणूनच त्याला कुलूप लागते.

यांतील एकही मागणी अशक्य कोटीतली नाही. सामान्य श्रमिकांना मोठी योजना पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी सोलापूरकडे पाहावे. तेथील विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था स्थापून, वर्षानुवर्षे मोर्चे काढून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करविली. २००६ साली ती घरे ताब्यात आली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर या तीस हजार घरांच्या योजनेचा पाठपुरावा झाला आणि तिच्यातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. ही घरे शहराबाहेरच्या माळरानावर आहेत, हेही विसरता कामा नये. दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रिया हजारो घरांचा हिशेब ठेवू शकतात, परंतु शहराच्या मध्यावरची जमीन मात्र त्यांच्यासाठी नसते! कर्तृत्वाचा अभाव श्रमिकांत नाही. जमिनीची दारे त्यांच्यासाठी बंद आहेत.

कोणत्याही शहरात बंद गिरणीच्या जमिनीची विल्हेवाट एकदाच लागते. तिच्यावर एकदा मनोरे उभे राहिले की पुढच्या पिढ्यांना चूक सुधारण्याची संधी मिळत नाही. मुंबईने ती संधी गमावली आणि आज तेथील मुलांना खेळण्यासाठी उड्डाणपुलाखालची जागा शोधावी लागते. इंदूरला ती अद्याप आहे. बत्तीस वर्षे देण्यांसाठी चिकाटीने लढणाऱ्या कामगारांनी आपला हिशेब वसूल केला. आता शहराचा हिशेब मांडावयाचा आहे आणि तो केवळ कामगारांनी मांडून भागणार नाही. भोवतीच्या वस्त्यांतील रहिवासी, फेरीवाले, शिक्षक, विद्यार्थी, झाडांसाठी उभे राहिलेले नागरिक आणि जुने गिरणी कामगार यांनी एकत्र येऊन आराखड्यावर आपला हक्क सांगितला पाहिजे; झाडे वाचविणारे एकीकडे आणि घरे मागणारे दुसरीकडे, अशी फूट पडू देता कामा नये, कारण तीच जमीनदलालांना हवी असते. अनंत चतुर्दशीला त्या गिरणीचे नाव पुन्हा शहरातून मिरवेल. ते नाव लावणारी जमीनही जनतेच्याच कामी यावी, यासाठी आराखड्यावर शिक्कामोर्तब होण्यापूर्वीच आवाज उठविणे अवश्य आहे.